येतानी इमान घाट चढते का?

नमस्कार श्रोतेहो. मी भूगोलाचा रिटायर मास्तर. आमच्या दारव्ह्याकडं कोणाच्या घरी नकाशाचा, गाडीचा, अंतराचा प्रश्न पडला, की कागद माझ्याच ओसरीवर येतो. परवा शेजारचे काकाजी विमानाचं तिकीट घेऊन आले. पोरगा वेल्डिंगच्या कामावर दुबईला चालला.

"गुरुजी, मुंबईहून पहाटे चारला सुटते, पावणेसहाला दुबईत. म्हंजे पावणेदोन तास. अन् येतानी रात्री दहाला निघून अडीचला मुंबईत. साडेचार तास! येतानी इमान घाट चढते का?"

मी कपाटातला पृथ्वीगोल काढला. फूटभर जाडीचा, जुना. मुंबईवर दोऱ्याचं एक टोक धरलं, दुबईवर दुसरं, अन् ताणून पट्टीवर मोजलं. साडेचार सेंटिमीटर. या गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे सव्वाचारशे किलोमीटर. म्हणजे एकोणीसशेच्या वर झाले. विमान तासाला साधारण साडेआठशे किलोमीटर कापते. धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं धरून तीन-सव्वातीन तास.

मग तिकिटावर वेगळंच कसं? कारण तिकिटावर सुटायची वेळ सुटते त्या गावची असते अन् पोचायची वेळ पोचते त्या गावची. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर चालते, दुबईचं साठ अंशावर. फरक साडेबावीस अंश. एका अंशाला सूर्य चार मिनिटं घेते. करा गुणाकार: नव्वद मिनिटं. जातानीच्या पावणेदोन तासांत दीड मिळवा, सव्वातीन. येतानीच्या साडेचारातून दीड काढा, तीन.

"तरी पाव तास उरलाच ना?" काकाजी काही कच्चे नाहीत.

तो वाऱ्याचा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर हिवाळ्यात पश्चिमेकडून पूर्वेला जोरदार वारा वाहते. येतानी तो पाठीशी असते, जातानी तोंडावर. दिल्ली-टोकियोसारख्या लांबच्या रस्त्यावर तर जाणं अन् येणं यात याहून बराच मोठा फरक पडते.

हा झाला विमानाचा हिशेब. आता पोराचा खरा प्रवास पाहा. घरून एसटी, मग बडनेऱ्याहून रात्रीची रेल्वे. नागपूर ते मुंबई रेल्वेनं ८३७ किलोमीटर, अन् आपण त्याच मार्गात मधे कुठंतरी चढणार. शिवाय विमानतळावर तीन तास आधी. दुबई दूर नाही हो, मुंबईच दूर आहे.

काकू दाराशी उभ्या होत्या. "मंग फोन कवा लावाचा?"

म्हटलं, इथं सकाळचे सात वाजले, की तिथं साडेपाच.

"पोट्टं सातशिवाय उठत नाही," त्या बोटांवर मोजत म्हणाल्या. "मंग साडेआठलेच लावतो."