पाण्याच्या मापाची परसबाग

लातूर जिल्ह्यातील एका घराच्या मोरीचे पाणी पूर्वी गल्लीतून वाहत जाई. आज ते दगड-विटांच्या तुकड्यांनी भरलेल्या एका लहान खड्ड्यातून झिरपते आणि केळीच्या बुंध्याशी पोहोचते. परसबाग कुठे करायची, हे या घराने मोकळी जागा पाहून ठरवले नाही. घरातले पाणी कुठून निघते आणि कुठवर पोहोचते, हे पाहून ठरवले. ज्या लातूर शहरासाठी २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या शहराच्या जिल्ह्यात बागेचे पहिले माप पाणी हेच असते, आणि मराठवाड्यातील सेंद्रिय परसबागेचा विचार आपण येथूनच सुरू करायला हवा.

अर्थात, सगळे सांडपाणी सारखे नसते. तांदूळ, डाळी आणि भाज्या धुतलेले पाणी थेट मेथी-पालकाच्या वाफ्यात जाते. साबणाचे पाणी मात्र केळीकडे वळवले जाते. पालेभाजीच्या पानांवर ते पडू दिले जात नाही. कपडे धुण्याच्या पावडरीतील सोडियम काळ्या जमिनीत साठत गेले, तर जमीन हळूहळू चोपण होते आणि तिच्यातून पाण्याचा निचरा होईनासा होतो. चुलीची राख बागेत टाकण्याची जुनी सवयही येथे आवरती घ्यावी लागते, कारण आपली काळी माती बहुतेक ठिकाणी मुळातच अल्कधर्मी असते आणि राख त्यात भरच घालते.

ही माती पोषणाला चांगली असली, तरी हाताळायला अवघड आहे. पावसात ती फुगते आणि पायाला चिकटते. उन्हाळ्यात आकसते आणि तिला खोल भेगा पडतात. तिला भुसभुशीत ठेवण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे दरवर्षी तिच्यात कुजलेले खत मिसळणे. पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी रुजवलेली, असे खत तयार करण्याची नाडेप पद्धत प्रसिद्ध आहे. मात्र तिचा दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच हौद एका कुटुंबाच्या बागेला मोठा पडतो. भाज्यांची देठे, पालापाचोळा, शेण आणि थोडी माती यांचे थर देऊन भरलेला, ओलसर ठेवलेला एक छोटा खड्डा घराला पुरतो. वाफ्यांवर सोयाबीनचे भुसकट अंथरले की, पारा चाळिशीपार गेल्यावरही मातीतली ओल लवकर उडत नाही.

आता वालाच्या या वेलाकडे जवळून पाहू. कोवळ्या शेंड्यावर काळा मावा दाटला आहे, आणि त्याच्यातच एक राखाडी, नारिंगी ठिपक्यांची, दिसायला काहीशी ओंगळ अळी फिरते आहे. अनेक जण तिलाच कीड समजून चिरडतात. प्रत्यक्षात ती ढालकिड्याची अळी आहे आणि मावा हेच तिचे अन्न आहे. तिला दिवस-दोन दिवस दिले, तर पुष्कळदा फवारणीची गरजच उरत नाही. मावा तरीही वाढत राहिला, तर निंबोळीचा अर्क कामी येतो. सावलीत वाळवलेल्या निंबोळ्यांची पन्नास ग्रॅम भरड रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्याने गाळून ते पाणी एक लिटर करायचे आणि फवारणी संध्याकाळी करायची, कारण त्यातील गुणकारी घटक उन्हाने लवकर निकामी होतो. निसर्गाशी जुळवून घेणे म्हणजे काय, याचे उत्तर मला हात आखडून त्या अळीला वेळ देण्यातच दिसते.

या भागाला हे सारे नवे नाही. ज्वारीत तूर-मूग आणि बांधाच्या कडेला अंबाडी, अशी पेरणी येथे पिढ्यान्‌पिढ्या होत आली. लातूर आणि धाराशिव भागात शेतात साजऱ्या होणाऱ्या वेळ अमावास्येच्या सणाची भज्जी, म्हणजे अनेक भाज्यांची एकत्र शिजवलेली भाजी, ही त्या मिश्र शेतीचीच थाळी आहे, कारण शेंगा, ओले दाणे आणि पालेभाज्या इतक्या प्रकारांनी शिवारात पिकल्याशिवाय ती शिजतच नाही. सोयाबीनने रोख पैसा दिला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच सोयाबीनच्या शिवारात राहणारी कुटुंबे भाजीसाठी आठवडी बाजारावर अवलंबून राहू लागली, याची खंत वाटते. म्हणूनच लातूर-धाराशिव परिसरात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने महिलांसोबत केलेले काम मला महत्त्वाचे वाटते. तेथे बायकांनी घरच्यांकडून अर्धा-एक एकर जमीन मागून घेतली, तिच्यात घरासाठी अन्नधान्य आणि भाज्या सेंद्रिय पद्धतीने पिकवल्या आणि काय पेरायचे हा निर्णय स्वतःच्या हाती घेतला. परसबागेतही हा निर्णय घरातल्या बाईचाच असावा, कारण पाणी भरणारी आणि रोज ताटात काय वाढायचे ते ठरवणारी बहुधा तीच असते.

एप्रिल उजाडला की ही बाग मुद्दाम आक्रसू दिली जाते. शेवगा, कढीपत्ता, लिंबू आणि मोरीच्या पाण्यावरची केळी एवढीच झाडे राखली जातात. बाकीचे वाफे भुसकटाखाली झाकून मोकळे सोडतात. स्वयंपाकघरात तेव्हा उन्हात वाळवलेल्या गवारीच्या शेंगा निघतात. वाल आणि दोडक्याचे घरचे बियाणे डब्यात तयार असते, पण मृगाचा पाऊस पडून जमीन खोलवर भिजल्याखेरीज ते मातीत जात नाही.