व्हॉल्यूम बनवताना ‘मॅक्स’ का दाबू नये?

नमस्कार. नासवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या साठवणयंत्रावर, पूल (सगळ्या डिस्कची एकत्रित जागा) तयार झाल्यावर व्हॉल्यूम (त्या जागेतून फाइलसाठी काढलेला भाग) किती मोठा ठेवावा, हा प्रश्न मागील व्हिडिओखाली इतक्या जणांनी विचारला आहे की आज फक्त त्यावरच बोलणार आहे.

डिस्क बसवणे, त्यांचा पूल करणे आणि पुलातून व्हॉल्यूम काढणे हा क्रम बहुतेकांना ठाऊक आहे. ४ टेराबाइटच्या चार डिस्क रेड ५ मध्ये, म्हणजे एक डिस्क बिघडली तरी डेटा टिकवणाऱ्या रचनेत, लावल्या, तर एका डिस्कइतकी जागा पॅरिटीसाठी (हरवलेला डेटा पुन्हा उभा करणाऱ्या माहितीसाठी) जाते आणि १२ टेराबाइट उरतात. पडद्यावर मात्र साधारण १०.९ दिसतात. दुकानदाराने फसवले का, असे मालवणच्या एका प्रेक्षकाने विचारले आहे. फसवलेले नाही; डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि यंत्रणा बहुधा १०२४ च्या पटीत मोजते.

आता मुख्य मुद्दा. आकाराच्या चौकटीशेजारी, पुलातील सगळी जागा व्हॉल्यूमला देणारे ‘मॅक्स’ असे बटण असते आणि हात आपोआप तिकडे जातो. कृपया ते दाबू नका. पुलात जागा शिल्लक असेल, तर व्हॉल्यूम वाढवणे हे दोन-चार क्लिकचे काम असते, परंतु घरगुती आणि लहान कार्यालयांतील बहुतेक नासवर तो लहान करण्याची सोयच नसते. सगळा डेटा दुसरीकडे हलवून, व्हॉल्यूम पुसून, नव्याने बनवावा लागतो.

हेच दुसऱ्या बाजूने पाहू. रत्नागिरीतील एका आंबा व्यावसायिकाकडे सीसीटीव्हीचे चित्रण आणि बिले एकाच व्हॉल्यूममध्ये होती. ऐन हंगामात, पेट्या गाडीत चढत असताना, कॅमेऱ्यांनी सगळी जागा व्यापली आणि बिल जतन होईना. कॅमेऱ्यांना वेगळा, मर्यादित व्हॉल्यूम दिला असता, तर फार तर जुने चित्रण पुसले गेले असते आणि हिशेब सुरक्षित राहिले असते. व्हॉल्यूम वेगळा करायचा नसेल, तर निदान कॅमेऱ्यांच्या फोल्डरवर कोटा, म्हणजे जागेची कमाल मर्यादा, लावावा.

तिसरी बाजू स्नॅपशॉटची, म्हणजे ठरावीक क्षणी डेटा कसा होता त्याच्या नोंदीची. फाइल पुसूनही जागा का सुटत नाही, ही तक्रार नेहमीचीच आहे. स्नॅपशॉट जुने ब्लॉक (डेटाचे डिस्कवरचे तुकडे) धरून ठेवतो, म्हणून ती सुटत नाही. काही यंत्रणांत हे स्नॅपशॉट पुलातील मोकळ्या जागेवर जगतात, आणि ‘मॅक्स’ दाबलेल्या पुलात त्यांना पाय ठेवायलाही जागा उरत नाही. थिन व्हॉल्यूम, म्हणजे लागेल तशीच पुलातून जागा घेणारा व्हॉल्यूम, घेतला की प्रश्न मिटतो, असे काहींचे म्हणणे आहे. थिनमध्ये प्रत्यक्षात असलेल्या जागेपेक्षा जास्त जागेचे वचन देता येते, म्हणून पुलाच्या वापराची सूचना ऐंशी टक्क्यांवर लावल्याशिवाय मी थिन कोणालाही सुचवत नाही.

‘रेड आहे, मग बॅकअप कशाला?’ ही टिप्पणी वाचली की मला खरोखर राग येतो. जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरले, तेव्हा तळमजल्यावरच्या यंत्रातील एक डिस्क बुडाली आणि बाकीच्या कोरड्या राहिल्या, असे होणे शक्य तरी होते का? एक प्रत दुसऱ्या गावी हवीच.

राहिला विजेचा प्रश्न. यूपीएसची यूएसबी केबल नासला जोडून सेटिंगमध्ये त्याची नोंद करावी, म्हणजे वीज बराच वेळ आली नाही तर यंत्र नीट बंद होते. नवीन डिस्क घालून पूल वाढवणे काही तास, कधी काही दिवसही चालते. हे काम मृगाच्या गडगडाटात काढण्याऐवजी वीज स्थिर असलेल्या दिवसांत उरकावे.