मेंदूत आहे की मनात? सेक्सबद्दलचा एक जुना घोळ

नमस्कार मंडळी, साताऱ्यातून बोलतोय, आणि घरात सगळे बसलेले असतील तर आधी इअरफोन लावा.

स्टँडपासून पोवई नाक्यापर्यंत चालत या, मर्दानी कमजोरीवर गॅरंटीने इलाज अशी एखादी जाहिरात भिंतीवर दिसतेच. तिथं पैसे घालवून झाले की माणूस डॉक्टरकडे जातो आणि डॉक्टर म्हणतात, मानसिक आहे. झालं, याला वाटतं आपण नाटक करतोय असंच म्हणतायत!

तसं नसतं ओ. डॉक्टर विचारतात ना, सकाळी उठताना ताठरता असते का, त्याला कारण आहे. झोपेत स्वप्नं पडायच्या टप्प्यात, म्हणजे रेम स्लीपमध्ये, ती आपोआप येते, मनात कुणी असो नसो. येत असेल तर नसा, रक्तवाहिन्या बहुतेक ठीक, अडचण टेन्शनची. पण टेन्शन काय हवेत असतं का, भीती वाटली की अ‍ॅड्रेनलिन वाढतं, रक्तवाहिन्या आकसतात, आणि ऐनवेळी रक्तच पुरत नाही. आणि सकाळीही येत नसेल तर शुगर-बीपी चेक करा, लाजू नका.

आता खरा घोळ. मनातलं म्हणजे आपल्या हातातलं आणि मेंदूतलं म्हणजे जन्मजात, असं आपण धरूनच चालतो. पोरगा गे आहे कळलं की घरचे म्हणणार मनाचे खेळ आहेत, लग्न लावून द्या, आणि त्याची बाजू घेणारे म्हणणार मेंदूच तसा असतो, सायन्सने सिद्ध केलंय. कुठं केलंय? मेंदूशास्त्रज्ञ सायमन लव्हे यांनी 1991 मध्ये 41 मृत व्यक्तींचे मेंदू तपासले, हायपोथॅलॅमस नावाच्या मेंदूच्या भागातला पेशींचा एक बारीक पुंजका गे पुरुषांत लहान दिसला, पण जन्मतःच तसा होता हे यातून सिद्ध होत नाही असं ते स्वतःच म्हणाले. 2019 मध्ये पावणेपाच लाखांच्या आसपास लोकांचे जीन्स तपासले, एक असा 'गे जीन' काही सापडला नाही.

मग मनाचंच का? बरं, मनाचंच धरा. तुम्हाला कॉलेजात जी आवडली ती काय ठरवून आवडली होती? आणि नको म्हणून ठरवल्यावर आवडायची थांबली?

त्यामुळे त्या पोराची इज्जत स्कॅनच्या रिपोर्टवर टांगू नका राव. आणि त्याला 'बदलून देतो' म्हणून एखादा डॉक्टर फी मागत असेल, साताऱ्यात, सांगलीत, कुठंही, तर नॅशनल मेडिकल कमिशनने 2022 मध्येच असले उपचार म्हणजे गैरवर्तन ठरवलेत, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे सरळ तक्रार टाका.