सुतकाचे दिवस आणि कोपरा फाटलेलं कार्ड

श्रोतेहो, नमस्कार.

मर्तिकाच्या घरी भेटायला गेलं की ओसरीवर बोटं मोजणं चाललेलं असतं. आज कितवा? दहावा कधी? तर गेला तो दिवस पहिला धरायचा. त्या दिवशी दहन. घरची चूल पेटत नाही, शेजारून पेज येते. तिसऱ्याच्या सुमारास अस्थी गोळा करतात. दहा दिवस सुतक: देवपूजा बंद, देऊळ बंद. दहाव्याला पिंड आणि कावळ्याची वाट पाहणं. उत्तरक्रियेसाठी आपल्याकडे गोव्यात कितीतरी लोक साखळीजवळ हरवळ्याला, रुद्रेश्वरापाशी, धबधब्याच्या काठी जातात. अकरावा झाला की बाराव्याला सपिंडी. गेलेल्याचा पिंड त्याच्या बापाच्या, आज्याच्या, पणज्याच्या पिंडांत मिसळतात, आणि तिथून तो पितरांत गेला असं मानतात. तेराव्याला शांतीचा विधी आणि गोडाचं जेवण. आता त्या जेवणाला बुफे लावतात, शेवटी आइस्क्रीमही ठेवतात. गोड म्हणजे घरातला गूळ घातलेलं काहीतरी एवढंच पुरे होतं, असं माझं मत. असो.

दहा दिवस, पण कुणाला? भाऊबंदांना, म्हणजे पुरुषाच्या बाजूने सात पिढ्यांच्या आतल्यांना. लग्न झालेल्या लेकीला आईवडिलांचं तीन दिवस. आईच्या वडिलांचं नातवाला तीन दिवस. समाजासमाजात थोडा फरक पडतो, तेव्हा आपल्या घरच्या भटजींना विचारावं.

आणि दहा दिवस, पण केव्हापासून? यावर मला एक गोष्ट सांगायचीच आहे.

गोवामुक्तीनंतरची. फोंडा महालातलं एक मोठं घर, आमच्या वाड्याला लागून. उद्या चतुर्थी. माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर रानातल्या फळाफुलांची बांधतात ती चौकट, बांधून झालेली: कांगलां, आंबाडे, सुपारीचे शिपटे, नारळ. (आता हे सगळं बाजारातून विकत येतं, आणि निम्म्या पोरांना कांगलां वेलीवर कशी दिसतात ते ठाऊक नाही. रानात जायला वेळ नाही म्हणतात; मोबाइलला मात्र आहे.) तर अशा वेळी पोस्टमन अंगणात आला, हातात कार्ड. कार्डाचा कोपरा फाडलेला. जुन्या श्रोत्यांना सांगायला नको, कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे कुणीतरी गेलं. असं कार्ड घरात ठेवायचं नाही, वाचलं की फाडायचं.

ओसरीवर घरची आजी एकटीच वाती वळत बसलेली. तिने कोपरा पाहिला. पोस्टमननेही पाहिला होताच, तो बिचारा तुळशीपाशीच थबकला. आजी म्हणाली, ‘म्हजो चष्मो सांडला रे पुता. थंय दवर.’ म्हणजे चष्मा हरवलाय, तिथेच ठेव. चष्मा तिच्या कपाळावर होता! पोस्टमनने अंगणाच्या गडग्यावरच्या कोनाड्यात कार्ड ठेवलं, वर दगड ठेवला आणि निघून गेला. ती बाई रोज संध्याकाळी पोथी वाचणारी, पण त्या दिवशी तिला अक्षर दिसेना.

गणपती बसला. आरत्या झाल्या, पातोळ्या झाल्या. दीड दिवसाने पंचमीच्या संध्याकाळी विसर्जन करून पुरुषमंडळी परतली, तेव्हा आजीने जाहीर केलं, चष्मा सापडला. कार्ड वाचलं. मुंबईतला चुलत दीर गेलेला, कार्ड आलं त्या तिजेपर्यंत त्याला चार दिवस झालेले. आजी तिथेच रडली, आणि मनापासून रडली, कारण लग्न होऊन आली तेव्हा तो दीर तिच्या मांडीवर खेळलेला. मग सगळ्यांनी आंघोळी केल्या आणि दहातले उरलेले चार दिवस सुतक पाळलं. थोरल्या मुलाने भटजींना विचारलं, गणपतीला विटाळ झाला का? भटजी म्हणाले, जाणलं तेव्हापासून सुतक. तुमच्या आईने जाणलं पंचमीला. तिच्या कपाळाकडे मी पाहिलं नव्हतं.

शास्त्राला धरूनच बोलले ते. पुन्हा सांगतो, सुतक कळल्यापासून. दहा दिवसांच्या आत कळलं तर उरलेले दिवस. दहा उलटून गेल्यावर, तीन महिन्यांच्या आत कळलं तर तीन दिवस. धर्मसिंधू या धर्मशास्त्राच्या ग्रंथात पुढचेही टप्पे दिलेत, आणि नऊ महिन्यांनंतर नुसती आंघोळ. आईवडिलांचं मात्र केव्हाही कळलं तरी मुलाला पूर्ण दहा दिवस. दूरदेशी असलेल्या माणसाला बातमी पोचायला महिने लागत, त्या काळातले हे हिशेब. आता व्हॉट्सअॅपवर दहनाआधीच पन्नास जणांचे हात जोडलेले येतात. चष्मा हरवायला जागाच राहिली नाही.

तेराव्यानंतर महिन्याचं श्राद्ध, मग वर्षश्राद्ध. पितृपक्षात भरणी नक्षत्राला भरणी श्राद्ध करतात, तेही ध्यानात ठेवा. आणि एक मोजणी सरकारची: मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी. सुतक फिटल्यावर बघू म्हणून कागद तसाच ठेवू नका. घरातल्या कुणा धाकट्याला तिसऱ्या-चौथ्या दिवशीच पंचायतीत किंवा पालिकेत पाठवा. नमस्कार.