लेकरांची फी आणि आपलं म्हातारपण

इंग्लंडमध्ये १९९४ साली ज्यांच्या घरी पाळणा हलला, त्या आईवडिलांना विद्यापीठाच्या फीची चिंता करायचं कारणच नव्हतं. तिथल्या मुलांना पदवीसाठी फी भरावी लागत नसे. मग १९९८ मध्ये वर्षाला १,००० पौंडांपर्यंत फी आली. २००६ मध्ये ही मर्यादा ३,००० झाली. आणि ते बाळ अठरा वर्षांचं झालं, त्याच २०१२ साली ती थेट ९,००० वर गेली.

जर्मनीत नेमकं उलटं घडलं. काही राज्यांनी २००५ नंतर फी लावली, पण २०१४ पर्यंत सगळ्यांनी ती मागे घेतली.

म्हणजे आज जन्मलेल्या मुलाला पुढे किती पैसे लागतील, हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. मग साठवायचे कशाला?

साठवायचेच. कारण फी नसली तरी राहणं, जेवण, पुस्तकं, प्रवास यांचा खर्च चुकत नाही. आणि लवकर सुरुवात केली, तर निम्म्याहून जास्त काम व्याज करतं. दरमहा ठरावीक रक्कम टाकली आणि वर्षाला ८ टक्के परतावा मिळत राहिला, तर १८ वर्षांत भरलेल्या पैशांचे सव्वादोन पट होतात. तीच सुरुवात मूल आठ वर्षांचं झाल्यावर केली, तर जेमतेम दीडपट. अर्थात महागाईही स्वस्थ बसत नाही. खर्च दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढला, तर तेवढ्याच १८ वर्षांत तो पावणेतीन पटींच्या वर जातो.

पण थांबा. मुलाच्या नावानं पहिला हप्ता भरण्याआधी स्वतःकडे बघा. डोक्यावर जड व्याजाचं कर्ज आहे? अडीअडचणीला चार-सहा महिन्यांचा खर्च बाजूला आहे? उतारवयाची तरतूद सुरू झाली आहे? शिक्षणासाठी कर्ज मिळतं, शिष्यवृत्ती मिळते. म्हातारपणासाठी कुणी शिष्यवृत्ती देत नाही. आज सगळी पुंजी फीवर रिकामी केलेले आईबाप उद्या त्याच मुलाच्या पगारावर अवलंबून राहतात, आणि तेही नेमके त्याचा स्वतःचा संसार उभा राहत असताना. हे त्याग म्हणून कितीही मोठं वाटलं, तरी त्याचा भार शेवटी मुलावरच पडतो.

हे सगळं सांभाळून उरेल ते थोडं असेल. असू द्या. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात २००७ मध्ये एक प्रयोग सुरू झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काही नवजात बाळं निवडली आणि प्रत्येकाच्या शिक्षणासाठी खात्यात १,००० डॉलर ठेवले. एवढ्यानं पदवीचा खर्च भागत नाही. पण काही वर्षांनी पाहिलं, तर त्या बाळांच्या आयांच्या मुलाच्या शिक्षणाबद्दलच्या अपेक्षा, खातं न मिळालेल्या आयांपेक्षा जास्त होत्या.

थोडी पुंजीही, ती आहे हे माहीत असलं, तर अपेक्षा वाढवू शकते. म्हणून ती मुलापासून लपवून ठेवू नका. मूल चौदा-पंधरा वर्षांचं झालं की त्याला समोर बसवा आणि खरा आकडा सांगा: एवढे आहेत, एवढे आम्ही अजून घालू शकतो, बाकीचं तुला कर्जातून, शिष्यवृत्तीतून किंवा स्वतः कमावून उभं करावं लागेल. कुठल्या विद्यापीठाचा अर्ज भरायचा, हे त्यानंतर ठरवा.