लाल शाईतली कारणं

श्रोतेहो, नमस्कार.

प्राचीन इजिप्त शिकवायचा म्हटलं की आम्ही शिक्षक मंडळी पहिल्या पाच मिनिटांत पिरॅमिड उरकतो, पुढच्या पाचांत ममी, आणि उरलेल्या वेळात पोरं ममीच्या शापाच्या गोष्टी सांगून एकमेकांना घाबरवतात. मीही कित्येक वर्षं तेच केलं. परीक्षेत उत्तरं बरोबर यायची. पण तिथे माणसं राहत होती, त्यांना भूक लागायची, कामाचा कंटाळा यायचा, हे काही मुलांच्या मनात उतरत नसे. त्यांच्या लेखी तो अख्खा देश म्हणजे एक मोठं स्मशान.

आता मी सुरुवात करते हजेरीपासून.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये चुनखडकाचा एक सपाट तुकडा आहे. तो देर एल-मदीना गावचा. नाईलच्या पश्चिमेला, आजच्या लक्सर शहरासमोर हे गाव होतं. राजांच्या खोऱ्यातली थडगी खोदणारे आणि रंगवणारे कारागीर तिथे बायकामुलांसह राहायचे. या दगडावर दुसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीतल्या 40 व्या वर्षाचा, म्हणजे सुमारे सव्वातीन हजार वर्षांपूर्वीचा हजेरीपट आहे. 40 कामगारांची नावं, पुढे गैरहजेरीचे दिवस काळ्या शाईत, आणि त्यांच्या वर लाल शाईत कारणं.

ती कारणं मी आधी सांगत नाही, वर्गालाच ओळखायला लावते. "आजारी होता!" बरोबर. "डोळे आले!" तेही आहे. विंचू चावल्याचं मात्र सहसा कोणाला सुचत नाही. गावाकडून आलेला एखादा मुलगाच ते सांगतो. मग मी हळूच सांगते, घरी बिअर बनवायची होती म्हणूनही एक जण आला नव्हता. वर्ग खिदळतो. हसू द्यावं. नंतर सांगावं की या कारागिरांचा पगारच धान्यात मिळायचा, गहू आणि जव. भाकरी आणि बिअर हे त्यांचं रोजचं जेवणखाण. आणि सगळे शांत झाले की शेवटचं कारण वाचावं: आईच्या पार्थिवाला कापड गुंडाळण्यासाठी रजा.

इथे वर्गात ममी येते. मला ती कुणाची तरी आई म्हणूनच यायला हवी असते.

याच गावात लिहायला शिकणाऱ्यांच्या सरावाच्या खापऱ्याही मिळाल्या आहेत. पपायरस, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेला कागद, महाग; म्हणून गिरवायला फुटकं मडकं नाहीतर दगडाची कपची. तिथल्या पंतोजींचं एक वचन मुलांना फार आवडतं, की मुलाचा कान त्याच्या पाठीवर असतो, मारलं की ऐकू येतं. (आमच्याकडे आता छडी बंद आहे, हे मी लगेच सांगून टाकते.) मग आम्हीही फुटक्या कुंडीच्या तुकड्यांवर नावं लिहितो. चित्रलिपीत स्वर लिहीत नसत. त्यामुळे मीना, मोना आणि मनू, तिघांचीही अक्षरं तीच: 'म'साठी घुबड, 'न'साठी पाण्याची लाट. मनू मुलगा आहे हे कळायचं तर शेवटी बसलेल्या पुरुषाचं चित्र काढायचं. आपल्या काना-वेलांट्यांची किंमत मुलांना त्या दिवशी कळते. नावात घुबड आलं म्हणून एक मीना रुसली होती, ते वेगळं.

उशब्ती हा मुलांचा आणखी एक लाडका विषय. परलोकातही शेतीची कामं चुकत नाहीत, अशी त्या लोकांची समजूत होती. म्हणून मृताबरोबर छोट्या मूर्ती ठेवायच्या. कामाची हाक आली की मूर्तीनं ओ द्यायची, "मी आहे, मी करते!" म्हणजे परत हजेरीच. तुतनखामेन राजाच्या थडग्यात अशा 413 मूर्ती सापडल्या. वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी एक, म्हणून 365 कामकरी. इजिप्तचा आठवडा दहा दिवसांचा, म्हणून 36 मुकादम, आणि वर महिन्याचा एक याप्रमाणे आणखी 12. बेरीज मुलांनाच फळ्यावर करू द्यावी. शाडूच्या मातीची उशब्ती अर्ध्या तासात होते. तिला गृहपाठ सांगता येईल का, हा प्रश्न दरवर्षी येतो.

जमलं तर मुलांना बडोद्याच्या संग्रहालयात न्या. सयाजीराव महाराजांच्या काळात आणलेली एका तरुण स्त्रीची ममी तिथे आहे. जाण्याआधी एकच गोष्ट सांगून ठेवा: ममीभोवतीचं कापड जवसाच्या झाडाच्या धाग्याचं असतं. ज्या जवसाची चटणी आपण डब्यात देतो, तेच जवस. मग मुलं आधी चेहऱ्याकडे बघत नाहीत, कापडाकडे बघतात.

आमच्या सहलीत एरवी गोंधळ घालणारा एक मुलगा त्या काचेपाशी बराच वेळ उभा होता. निघताना त्यानं मला हळू आवाजात विचारलं, "बाई, हिच्यासाठी कोणी रजा घेतली असेल?"