पट्टा नसलेलं इंजिन

(दृश्य: श्टुटगार्ट, झुफनहाउझेन. सकाळ. कारखान्यासमोरचा रस्ता. मग थेट उघडं करून ठेवलेलं जुनं इंजिन.)

मुंबईचं आणि श्टुटगार्टचं १९६८ पासून भगिनी शहरांचं नातं आहे. त्याच श्टुटगार्टच्या झुफनहाउझेन भागात, भर वस्तीत, पोर्शेचा कारखाना आहे. आम्ही इथे आलो ते फक्त एका इंजिनासाठी.

सहा सिलिंडर, आडवे झोपलेले. तीन डावीकडे, तीन उजवीकडे. समोरासमोरचे पिस्टन एकदम बाहेर जातात, एकदम आत येतात, जणू दोन मुष्टियोद्धे हातमोज्यावर हातमोजा आपटताहेत. म्हणून याला म्हणतात बॉक्सर. १९६३ साली फ्रँकफर्टच्या मोटर शोमध्ये हे इंजिन असलेली पोर्शेची गाडी लोकांनी पहिल्यांदा पाहिली, तेव्हा हे इंजिन दोन लिटरचं होतं. ताकद १३० अश्वशक्ती. थंड ठेवायला पाणी नाही, नुसता पंख्याचा वारा. गाडीचं नाव होतं ९०१. मध्ये शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्योजो या फ्रेंच कंपनीने हक्क सांगितला, आणि शून्याचा एक झाला.

९११. साठ वर्षं उलटून गेली, इंजिन अजून तिथेच आहे, मागच्या आसाच्याही मागे.

(दृश्य: जुन्या इंजिनाचा पंखा. मग एकापाठोपाठ एक पिढ्यांच्या गाड्या.)

जागा तीच राहिली, बाकी बरंच बदललं. १९९७ साली आलेल्या पिढीने वाऱ्याऐवजी पाणी घेतलं. २०१५ च्या फेसलिफ्टमध्ये, म्हणजे चालू पिढीच्या मधल्या डागडुजीत, कॅरेराची, म्हणजे साध्या ९११ ची, ३.४ आणि ३.८ लिटरची, स्वतःच हवा ओढून घेणारी इंजिनं गेली. त्यांच्या जागी तीन लिटरचं, दोन टर्बोंचं इंजिन आलं. एरवी फेसलिफ्ट म्हटलं की नवे दिवे, नवा बंपर. या गाडीत मात्र फेसलिफ्ट आलं की मागचं झाकण उघडून बघावं लागतं.

मे २०२४ मधलं फेसलिफ्ट त्यातलंच. साध्या कॅरेराला तीन लिटरचंच इंजिन ठेवलं, त्याला आधीच्या जीटीएसचे, म्हणजे कॅरेराच्या जास्त ताकदवान भावंडाचे, टर्बो दिले. मोठं काम झालं ते नव्या जीटीएसवर.

(दृश्य: कापून दाखवलेला टर्बोचार्जर, अगदी जवळून.)

हा टर्बो जवळून बघा. एक दांडा, त्याच्या दोन टोकांना दोन चाकं. एका चाकावर इंजिनातून निघालेला धूर आदळतो. ते फिरलं की दुसरं फिरतं आणि बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबतं. हवा जास्त, म्हणजे पेट्रोल जास्त जाळता येतं. पण पाय दाबल्यावर आधी धूर वाढणार, मग चाक वेग घेणार, मग हवा येणार. टर्बो जितका मोठा, तितकी ही वाट लांब. गाडीवाले याला टर्बो लॅग म्हणतात. म्हणून तर इतकी वर्षं दोन छोटे टर्बो लावत आले.

आता दांड्याच्या मधोमध बघा. इथे विजेची मोटर आहे. पाय हलला की ती दांडा फिरवते, धुराची वाट बघत नाही. त्यामुळे दोन छोट्यांच्या जागी एकच मोठा टर्बो पुरतो.

आणि धूर जास्त झाला तर? साध्या टर्बोत एक झडप उघडते आणि जास्तीचा धूर बाजूने सोडून देते. इथे ती झडपच काढून टाकली आहे. धूर चाक फिरवत राहतो आणि तीच मोटर जनित्र होते. ११ किलोवॉटपर्यंत वीज, जी एरवी धुराबरोबर हवेत गेली असती. २०१५, २०१६ आणि २०१७ अशी सलग तीन वर्षं ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकणाऱ्या पोर्शेच्याच ९१९ हायब्रीड या शर्यतीच्या गाडीनेही धुरातून अशीच वीज काढली होती.

(दृश्य: इंजिनाचं तोंड. कॅमेरा हळूहळू वर, इंजिनावरच्या पेट्यांकडे.)

ही जागा रिकामी दिसते ना? इथे पट्टा असायचा. इंजिनाच्या जोरावर एसीचा कॉम्प्रेसर फिरवायचं काम त्याच्याकडे होतं. आता कॉम्प्रेसर ४०० व्होल्टवर चालतो, म्हणून पट्टा गेला, पुल्या गेल्या, आणि इंजिन ११० मिलिमीटरने बुटकं झालं. त्या मोकळ्या झालेल्या उंचीत विजेचं रूप बदलणाऱ्या पेट्या, इन्व्हर्टर आणि कन्व्हर्टर, बसवल्या आहेत. आम्हाला या गाडीतली सगळ्यात सुंदर गोष्ट कोणती वाटली, तर ही. गाडीची पाठ जराही उंचावलेली नाही.

दुसरी मोटर आठ गिअरच्या डब्यात आहे, ४० किलोवॉटची. बॅटरी १.९ किलोवॉट-तासाची, पुढे ठेवलेली, आकाराने नेहमीच्या बॅटरीएवढी. चार्जिंगची वायर नाही, कारण ही गाडी नुसत्या विजेवर चालायची नाहीच. इथली वीज इंजिनाच्या चाकरीला आहे.

इंजिन स्वतः ३.६ लिटरचं झालं. पूर्वी जोरात पळवताना उष्णता आवरायला गरजेपेक्षा जास्त पेट्रोल फवारावं लागे. आता कितीही रेस द्या, हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण अचूक राहतं. धुराचे नियम कडक होत असताना पेट्रोलचं इंजिन टिकवायचं, तर हीच वाट आहे. एकूण ताकद ५४१ अश्वशक्ती, आधीपेक्षा ६१ जास्त.

वजन ५० किलोने वाढलं, जीटीएसमधून हाताचा गिअर गेला, डॅशबोर्डवरच्या काट्याच्या जागी पडदा आला, आणि किंमतही चढली.

(दृश्य: नुर्बुर्गरिंग. गाडीच्या आतून.)

नॉर्डश्लाइफं या जर्मनीतल्या शर्यतमार्गाची २०.८ किलोमीटरची फेरी. ७ मिनिटं, १६.९३४ सेकंद. आधीच्या जीटीएसपेक्षा ८.७ सेकंद कमी. वळणातून बाहेर पडताना चालकाचा उजवा पाय आणि गाडीची उसळी, दोन्ही एकदम बघा.

सप्टेंबर २०२५ मध्ये ९११ चीच टर्बो एस आली. तिच्यात असे विजेचे टर्बो दोन, ताकद ७११ अश्वशक्ती.

(दृश्य: जीटी३. मागचं झाकण उघडं.)

आणि ही जीटी३, ९११ चंच शर्यतीच्या वळणाचं रूप. हिचं फेसलिफ्ट २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये झालं. चार लिटर, सहा सिलिंडर, ५१० अश्वशक्ती. टर्बो नाही, मोटर नाही. नियमांत बसवण्यासाठी एक्झॉस्टमध्ये दोन फिल्टर आणि चार कॅटॅलिटिक कन्व्हर्टर घातले, त्यात थोडा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, गेला, ४७० न्यूटन-मीटरचा ४५० झाला. पण मिनिटाला ९,००० फेऱ्या त्यांनी सोडल्या नाहीत.

(दृश्य: जीटी३ सरळ रस्त्यावर, पडद्यावरचा काटा नऊ हजारांकडे. निवेदन बंद. फक्त इंजिन.)